हौदाच्या गल्लीतली खोली

भाड्याचं घर कसं बघावं, हे अख्ख्या परभणीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! लोक काय बघतात? फरशी बघतात, खिडक्या बघतात, भिंतीवर टिचक्या मारून बघतात. मी नळ बघतो! आणि तोही नळाच्या दिवशी, न सांगता, अचानक!

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी गल्लीत सण असतो. धार करंगळीएवढी, म्हणून लोक नळाला मोटर लावून पाणी ओढतात. मोटरीला बंदी आहे. मधूनच महापालिकेचं पथक येतं अन् मोटर उचलून नेतं. तेव्हा कोणत्या घरात पाणी किती अन् घरमालकाचा स्वभाव कसा, हे दोन्ही एकाच फेरीत कळायचं असेल तर नळाच्या दिवशीच जायला पाहिजे. आहे की नाही डोकं?

एवढं डोकं चालवायची वेळ माझ्यावर माझ्या साडूनं आणली. मी शाळेत कारकून. पाथरीहून परभणीला बदली झाली, तेव्हा भागवतराव, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्वतःच म्हणाले होते, "घर मिळूस्तर आमच्याकडंच ऱ्हावा की!" घर काही मिळेना. मग भागवतराव रोज सकाळी फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगू लागले, "न्हाई, न्हाई, आमचं कुठलं येणं! पाव्हणे हायेत ना अजून!" त्यांच्या हॉलमध्ये आमची गादी. ते टीव्ही बंद करतील तेव्हा आमची रात्र सुरू! पण खरं दुःख निराळंच होतं. माझी बायको शिवकन्या, जिच्या आवाजानं पाथरीत दूधवाला दचकायचा, ती इथं मला दुसरा कप चहा द्यायचा तर बहिणीच्या तोंडाकडं बघायची. ते मला बघवत नव्हतं. एका सकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, पत्र्याचं असलं तरी चालंल. पण दार आपलं पाहिजे." माझा जीव नुसता कळवळला.

तर भर दुपारी शाळेतून तसाच निघालो अन् हौदाच्या गल्लीत शिरलो. शर्ट खोचलेला, खिशाला पेन, डोळ्यावर चष्मा, काखेत शाळेची फाईल. या गल्लीत कोण राहत नाही ते विचारा! मशिदीला लागून मारवाड्याचं दुकान, त्याला लागून बुद्धविहार, समोर मारुती. नळ आलेला होता, गल्लीभर मोटरींची घरघर चालली होती. मी पहिल्या नळाजवळ थांबलो, वाकलो, चष्मा सावरला अन् धार बघितली.

घरघर एकदम बंद! अख्ख्या गल्लीत सामसूम!

"आओ साब, आओ!" एसटीतून रिटायर झालेले रऊफचाचा धावत आले. "धूप में कायकू खडे? चाय पीके जाओ! अन् मोटर? तौबा तौबा! हमना मालूमच नै मोटर कैसी दिखती!"

मी मोटरीचं विचारलंच नव्हतं! पण म्हटलं, माणूस बोलका आहे. चहा आला, सोबत खारी आली. कोपऱ्यात टोपलीवर एक कोंबडी बसवली होती, ती सारखी खाली उतरायला बघत होती अन् चाचांची सून तिला दाबून धरत होती. म्हटलं, काय ही प्राणिमात्रांवर माया!

पुढच्या घरी बायनाबाई दारातच पाळणा हलवत बसल्या होत्या. अंगाई तर अशी घाईघाईनं गात होत्या, की लेकरू झोपायच्या ऐवजी पळालं असतं. "आजारी हाय हो सायेब, उघडून बघू नका! तुमाला सरबत देऊ का?" पाळण्यातून काळी वायर लोंबत होती. मी म्हटलं, आजकालची लेकरं, पाळण्यातच मोबाईल लागत असणार! सरबत प्यायलो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पाथरीत जन्म काढला, कुणी साधं "बसा" म्हणालं नव्हतं. शिवकन्येला इथंच आणायचं, मी मनाशी पक्कं केलं!

तिसरं घर व्यंकटरावांचं. दारावर पाटी: 'खोली भाड्याने देणे आहे'. मी पोचायला अन् व्यंकटराव त्या पाटीला पाठ लावून उभे राहायला एक गाठ पडली.

"नमस्कार. खोली बघायची होती."

"खोली? कसली खोली?"

"त्या खोलीला वेगळा नळ आहे का?"

"नाही हो! एकच नळ! खोलीच नाही तर नळ कुठला! आम्ही भाडेकरू ठेवतच नाही!"

"पण तुमच्या पाठीमागं पाटी..."

"पाठीमागं काही नाही! अगं सुमंगला, साहेबांना सांजा आण!"

आत बसवलं. समोर देवघर. देवघरात सोवळ्याचं वस्त्र पांघरलेला बराच मोठा देव, वर जास्वंदीचं फूल. मी भक्तिभावानं हात जोडले, डोकं टेकवलं. देव गरम लागला! खालून पाणीही ठिबकत होतं.

"अभिषेक चालू आहे," सुमंगलाकाकू म्हणाल्या अन् पदर तोंडाला लावला.

सांजा खात होतो तेवढ्यात शिवकन्येचा फोन. मी आनंदानं ओरडलोच, "अगं, गल्ली मिळाली! देवमाणसं आहेत सगळी! खोली मात्र हे काका न्हाई म्हणायलेत. भागवतरावांना म्हणावं, अजून थोडं सांभाळून घ्या!"

फोन ठेवला. व्यंकटराव माझ्याकडं टक लावून बघत होते.

"तुम्ही... पथकाचे नाही?"

"कसलं पथक? मी शाळेत कारकून आहे की!"

तेवढ्यात बाहेरचा नळ एकदा गुरगुरला, दोनदा शिंकला अन् गप्प झाला. पाणी गेलं! ते आता पुढच्या वेळीच!

मग जे झालं ते काय सांगू! रऊफचाचा आले, बायनाबाई आल्या, मारवाडी आला, विहारातले साळवे सर आले, मारुतीचे पुजारी आले. एवढा एकोपा मी पंधरा ऑगस्टलाही बघितला नव्हता. सगळे धर्म, सगळ्या जाती, अन् शिव्या खाणारा मी एकटा!

"माझी टाकी कोरडी ठणठणीत हाय! घरात पाव्हणे यायलेत!"

"अंडे फूट गए सब! मुर्गी के नीचे मोटर रखना पडा!"

"मोटरीला अंगाई गायले मी, मेल्या!" बायनाबाईंनी बादली उचलली. "अन् माझं सरबत प्यालास की रे!"

माझ्या घशात सांजा अडकला. पाणी मागायचीही सोय नव्हती. मी हात जोडून रडकुंडीला आलो. खरंच आलो, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "मारा मला, पण खोली द्या! साडूकडं राहतोय हो मी!"

गर्दी जरा थबकली. साडूचं दुःख सगळ्याच धर्मांत कळतं. रऊफचाचांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. शर्ट, पेन, चष्मा, फाईल. मग व्यंकटरावांच्या कानाला लागले. व्यंकटराव सावकाश हसले.

"खोली देतो," ते म्हणाले. "अट एकच. पाणी आधी वरच्या गल्लीत जातं. ते लोक मोटरी लावून सगळं ओढतात. नळाच्या दिवशी तुम्ही असंच, याच कपड्यांत, वरच्या गल्लीत एक फेरी मारायची. बोलायचं काही नाही. फक्त वाकून नळ बघायचे."

लाज वाटली. पण शिवकन्येचं तोंड डोळ्यांपुढं आलं अन् मी हो म्हणून बसलो.

आम्ही राहायला आलो. शिवकन्येनं नव्या शेगडीवर दूध उतू घातलं अन् दाराची कडी आतून लावली, काढली, परत लावली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "चहा घेता का? दोन कप घ्या." मी दोन कप घेतले. नळाच्या दिवशी वरच्या गल्लीत फेरी मारली. तिथल्या मोटरी पटापट बंद पडल्या, अन् इकडं आमच्या गल्लीत अशी धार लागली की बायनाबाईंनी मला घरी बोलावून खीर दिली. मी गल्लीचा जावई झालो!

पुढच्या नळाच्या दिवशी मी जरा जास्तच ऐटीत निघालो. एका नळापुढं वाकून भुवया उंचावल्या अन् "हंऽऽ" असंही केलं. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

वळून बघतो तर खोचलेले शर्ट, खिशाला पेनं, काखेत फायली! आमच्या मापाची अख्खी पलटणच! खरंखुरं पथक!

मी काखेतली फाईल पाठीमागं लपवली.

"काय करायलात इथं?" त्यांच्या साहेबांनी विचारलं.

"काही नाही. नळ... बघायलोय."

"राहता कुठं?"

आता बघा, मी गप्प बसायला पाहिजे होतं. किंवा पळायला पाहिजे होतं. पण किती महिने झाले, "राहता कुठं" म्हटलं की मी मान खाली घालून "साडूकडं" म्हणत होतो! कुणीतरी मला माझा पत्ता विचारत होतं! माझा ऊर भरून आला. मी ताठ उभा राहिलो अन् सांगितला. "हौदाची गल्ली, व्यंकटरावांचं घर, मागच्या बाजूची खोली!" वर पिनकोड सांगितला. हो, अन् कौतुकानं हेही सांगितलं, "स्वतंत्र नळ आहे!"

"चला तर मग," साहेब म्हणाले. "दाखवा."

देवघरातला देव गेला. पाळण्यातलं लेकरू गेलं. रऊफचाचांची मोटर टोपलीसकट गेली. त्या संध्याकाळी आमचं सामानही रस्त्यावर आलं. शिवकन्येनं सगळं सामान एकटीनंच उचललं. रिक्षात गादी मांडीवर घेऊन बसली, रस्त्यावरचे दिवे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तरी बरं झालं असतं!

भागवतरावांच्या हॉलमध्ये गादी अंथरून झाली तेव्हा तिला कंठ फुटला. तोच पाथरीचा, दूधवाल्याला दचकवणारा आवाज!

"अहो, पथकानं पत्ता इचारला तर साडूचा द्यायचा की हो!"

मी मागं बघितलं. भागवतराव पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते.