सोळा नळ आणि एक रसेल

रसेल टिपिंगचं सगळं आयुष्य सात किलोंत बसत होतं. विमानात सोबत न्यायच्या बॅगेची मर्यादा तेवढीच, आणि सामान वेगळं देऊन मग फिरत्या पट्ट्यासमोर ताटकळणं हे त्याच्या मते सहलीला निघालेल्यांचं काम. तो ब्रिस्बेनच्या एका नळांच्या कंपनीचा विक्रेता होता. बारा वर्षं, आठवड्याला चार विमानं. एवढ्या तपश्चर्येतून त्याला एकच सत्य गवसलं होतं: बॅग तोलतात, माणूस तोलत नाहीत.

म्हणून त्याची बॅग भरायची सहा किलो नऊशे, आणि बाकीचं सगळं कोटात. सोळा नमुन्याचे नळ, एक शॉवर, पाठीला जाडजूड कॅटलॉग. तपासणीच्या ट्रेमध्ये कोट ठेवला की ट्रे कण्हायचा. एकदा सिडनीत एका गिऱ्हाइकाने प्रेमाने मिठी मारली आणि त्या गिऱ्हाइकालाच बरगडीचा एक्स-रे काढावा लागला.

त्या शनिवारी तो प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, मुख्य बेटाच्या विमानतळावर होता. तिथून छोट्या विमानाने हापाई बेटावर जायचं होतं; तिथे फिनाऊ नावाच्या माणसाचं चाळीस खोल्यांचं हॉटेल उभं राहत होतं. "नळ स्वतः फिरवून बघितल्याशिवाय घेणार नाही," असं फिनाऊने फोनवर बजावलं होतं. उद्या रविवार, म्हणजे टोंगात विमानसुद्धा सुट्टीवर. आणि सोमवारी पहिल्या विमानाने ऑकलंडचा नळवाला येणार होता. जे काय व्हायचं ते आजच.

"बॅग ठेवा," विमान कंपनीच्या खिडकीवरचा सेमिसी म्हणाला. काटा सहा नऊशेवर थांबला. रसेल अभिमानाने हसला.

"आता तुम्ही चढा."

"मी?"

"विमान आठ जणांचं आहे, साहेब. इथे सगळेच चढतात."

रसेल चढला. काटा एकशे तेरावर गेला. मागची रांग पुढे सरकून बघू लागली.

"फॉर्मवर तर पंच्याऐंशी लिहिलंय," सेमिसी म्हणाला.

"नाश्ता जरा जड झाला."

"अठ्ठावीस किलो?"

मागून एक भारदस्त बाई हसल्या. या लुपे मावशी. त्या आताच एकशे एकतीस भरून टाळ्या घेऊन उतरल्या होत्या. "लाजू नको रे! आमच्यात वजनदार माणसाला मान असतो. पण तू चालताना वाजतोस का?"

कोट उतरला. काउंटरवर नळांची रांग लागली. सेमिसीने बेरीज केली. "विमानात पंचवीस किलो जास्त होतायत. नळ सोमवारी येतील."

"सोमवारी काय उपयोग!" रसेल रडकुंडीला आला. त्याने सगळी हकिकत सांगितली. प्रवासी हळहळले.

"एकेक नळ आम्ही मांडीवर घेतो," एक म्हातारबुवा म्हणाले.

"मांडीवर घेतला म्हणून हलका होतो का, आजोबा?"

"मीच मांडीवर बसलो तर?" रसेलने विचारलं. त्यातला मूर्खपणा त्याला बोलून गेल्यावर कळला.

सगळे विचारात पडले. मग लुपे मावशींनी निकाल दिला. "फिनाऊला नळ बघायचेत ना? तुला तर बघायचं नाहीये ना त्याला? मग तू राहा. तू राहिलास की नळ जातील, वर माझी तारोच्या कंदांची दोन पोतीही जातील. नळ मी दाखवते."

"मावशी, त्यातलं तंत्र तुम्हाला—"

"डावीकडे गरम, उजवीकडे गार. अजून काय?"

बारा वर्षांनंतरही रसेलकडे याहून जास्त माहिती नव्हती. त्याने आपलं कार्ड काढून दिलं. विमान सोळा नळ, एक शॉवर आणि पुष्कळ कंद घेऊन उडालं.

दुपारी लुपे मावशींचा फोन आला. "झालं काम. चाळीस खोल्या, ऐंशी नळ. सही घेतली."

"फिरवून बघितले त्याने? आवडले?"

"बघायला निघाला होता. मी म्हटलं, आत्यावर विश्वास नाही?"

"कोणाची आत्या?"

"त्याचीच. त्याच्या बापाची मी थोरली बहीण."

रसेलने सेमिसीकडे पाहिलं. सेमिसी चहा ढवळत शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे मंत्र्याला नाही म्हणता येतं, साहेब. आत्याला नाही."

रसेलने ब्रिस्बेनला साहेबांना फोन करून सगळं खरंखरं सांगितलं. 

"रसेल," साहेब म्हणाले, "त्या बाईंना विचार, शेजारच्या सामोआत भाचे आहेत का."

रसेलने विचारलं. अकरा होते.