बेबीकाकूची आकडी

बेबीकाकूच्या दुकानात तुमचा मास्क नाकाखाली घसरलेला असला, तर तो वर घ्यायला तुम्हाला हात उचलावा लागत नसे. काकूच वर घ्यायची, आणि तेही गल्ल्यावरून न उठता. शाम्पूच्या पुड्या, पापडाची पाकिटं वर खिळ्याला टांगलेली असायची, ती काढायला तिच्याजवळ एक बांबूची काठी होती, टोकाला लोखंडी आकडा बसवलेली. ती तिला आकडी म्हणायची. ही आकडी काउंटरवरून सुळकन पुढे यायची, तुमच्या मास्कची वरची कड पकडायची आणि अलगद नाकावर नेऊन ठेवायची. ना ओरखडा, ना धक्का. चष्मेवाल्याचा चष्मासुद्धा हलायचा नाही. मग काकू म्हणायची, "हं, नाक झाकलं. आता बोला, काय पायजे?"

मी एसटीत कंडक्टर. अमरावती-अकोला गाडीवर माझी सगळी नोकरी दारात गेली, माणसं आत कोंबण्यात. "सरका पुढे, सरका" म्हणता म्हणता घसा बसला, पण एक माणूस कधी धड सरकला नाही. त्यामुळे जी बाई एकटी बसल्या जागेवरून अख्खी गल्ली बाहेर थोपवते, तिच्याबद्दल मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. कोरोनात गाड्या डेपोत उभ्या राहिल्या आणि मी समोरच्या माझ्या ओट्यावर बसून दिवसभर तिचं दुकान पाहत राहिलो. बायको म्हणायची, "टीव्ही बंद करून तिकडंच काय पाहून राहिले?" तर होय, तिकडंच. टीव्हीवर असं काही नव्हतं.

दुकान कसलं, घराची पुढची खोली. काउंटर, त्याच्यामागे एक फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यामागे नामदेवकाकांची खाट. नामदेवकाका म्हणजे काकूचे मालक. त्यांची उमेदीची सारी वर्षं बडनेऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये गेली. सरकीपासून रुई वेगळी करणारी ती यंत्रं सुरू झाली, की हवेत रुईचं तूस तरंगत राहतं. ते या माणसानं वर्षानुवर्षं नाकातोंडानं ओढलं आणि छाती कामातून घालवून घेतली. त्यांचा खोकला गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. दोन दिवस ऐकू आला नाही, तर लोक विचारायला यायचे. डॉक्टरांनी काकूला स्पष्ट सांगितलं होतं, हा रोग ह्यांना शिवला तर आमच्या हातात काही राहणार नाही. काकूनं ते मुकाट्यानं ऐकलं, घरी आली आणि आकडीला तेल लावलं.

आता आमचा वऱ्हाडी माणूस तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात हाच माणूस डोक्यातोंडाला असा दुपट्टा गुंडाळतो, की सख्खी बायको ओळखणार नाही. खिशात कांदा ठेवतो. पण दुकानात शिरला, की पहिले तो दुपट्टा सोडून खांद्यावर टाकतो, कारण बोलताना तोंड झाकलेलं त्याला अपमान वाटतो. काकू त्याला म्हणायची, "उनाले भेता, अन् रोगाले नाही भेत?" कोणी म्हणे, "काकू, जीव गुदमरते हो." तर म्हणायची, "आत एक मानूस बारा म्हैने गुदमरून राहिला, तो काही म्हनत नाही." कोणी मास्क हनुवटीवर लावून आला तर, "दाढीले ठंडी वाजून राहिली काय रे?" एक पैलवान छाती काढून म्हणाला, मले काही होत नाही. काकू शांतपणे म्हणाली, "तुले नाही होत बापा. तुह्यापासून दुसऱ्याले होते. हो मांगं."

आणि तो मागे झाला! ही नवलाची गोष्ट होती. मी हेच बोललो असतो तर माझी कॉलर धरली असती.

एकदा एक पुढारी गल्लीत मास्क वाटायला आले. सोबत फोटोवाला. फोटोत चेहरा यावा म्हणून साहेबांनी स्वतःचा मास्क गळ्यात उतरवलेला. काकूच्या हातात मास्क देताना फोटो घ्यायचं ठरलं. साहेब हसले, फोटोवाल्यानं मोबाइल धरला, आणि आकडी आली. मास्क नाकावर. साहेब म्हणाले, "काकू, फोटोत तोंड दिसलं पाहिजे ना." काकू म्हणाली, "तोंड सारेच ओळखतात तुमचं. नाक झाका." फोटो तसाच निघाला. मागचे कार्यकर्ते हसू दाबत होते, पण सगळ्यांचे मास्क एका दमात वर गेलेले मी या डोळ्यांनी पाहिले.

असं नाही, की तिचं काही बिघडत नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात नाकाची चौकशी नव्हती, म्हणून निम्मं गिऱ्हाइक तिकडे वळलं. काकू त्यांना जाताना पाहायची आणि तांदूळ निवडत बसायची. पण खरी परीक्षा आली ती धोंड्याच्या महिन्यात.

काकूची एकुलती एक वंदना अकोल्याला दिलेली. जावई प्रमोद, स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. पोरगा वाईट नाही, पण मानाचा भुकेला आणि खर्ऱ्याचा त्याहून. सुपारी-तंबाखू घोटलेला तो खर्रा तोंडात असला, की आमच्याकडचा माणूस मान वर करून, ओठ मिटून बोलतो. त्याला मास्क कसा लावणार? अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. पाय धुवायचे, धोंडे खाऊ घालायचे, अनारसे बांधून द्यायचे. काकू चार दिवस राबत होती. पुरणाचा वास माझ्या ओट्यापर्यंत यायचा.

मोटारसायकल येऊन थांबली. वंदना मागे बसलेली, तोंडाला नीट मास्क. प्रमोदचा मास्क खिशात आणि गालात खर्रा. तो पायरीवर चढला, तशी आकडी आडवी झाली.

"बापू, नाक."

"मामीजी, मी काय गिऱ्हाइक हाय काय?"

"गिऱ्हाइक असते तं बरं झालं असतं. गिऱ्हाइक काउंटरवरून वापस जाते. तुमी खाटेपर्यंत जासान. खर्रा थुका, नाक झाका, मंग या."

गल्लीतले सगळे ओटे भरलेले. सगळ्यांची तोंडं झाकलेली, पण कान उघडे. प्रमोदचे कान लाल झाले. काकूनं ओट्यावर पाट मांडला, रांगोळी आधीच घातलेली होती, पितळेचं ताट आणून ठेवलं. "नसंन लावाचा तं इथं हवेशीर बसा. वाढते मी." म्हणजे मान सगळा द्यायचा, फक्त उंबऱ्याबाहेर.

"धोंड्याच्या म्हैन्यात जवायाले कुत्र्यावानी बाहेर जेवू घालता?" प्रमोद ओरडला.

पडद्यामागून नामदेवकाकांचा खोल आवाज आला, "अवो, येऊ द्या ना त्याईले. जवाई हायत ते."

काकू मागे न बघता म्हणाली, "तुमी श्वास घ्या. तेवढंच काम हाय तुमाले."

प्रमोदनं मोटारसायकलला लाथ मारली. वंदना मास्कच्या वरून आईकडे बघत होती, नुसते डोळे. ते डोळे मी अजून विसरलो नाही. गाडी वळली, गेली. काकूनं ताटावर ताट झाकलं, पाट उचलला. तेवढ्यात एक बाई साखर घ्यायला आली, तिला म्हणाली, "नाक." आवाजात काडीचा फरक नाही. मी माझ्या ओट्यावर हात जोडले, खरंच जोडले.

पण राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चहापत्तीचं निमित्त करून गेलो आणि म्हणालो, "काकू, आकडीनं पोरीचं माहेर तोडलं तुमी."

ती चहापत्ती मोजत होती. मोजता मोजताच बोलली. "हे जिनिंगात जात तवा रोज मी डब्याच्या थैलीत धुतलेला दुपट्टा ठेवत होती. म्हनलं, तोंडाले बांधत जा. हा मानूस त्याले हात पुसून वापस आने. काहून? तं लोकं हासतात म्हने. बाईवानी तोंड झाकून आला म्हनतात." तिनं तराजू खाली ठेवला. "एका मानसाले मले ऐकवता नाही आलं, कंडक्टर. म्हनून आता साऱ्या गल्लीले ऐकवून राहिली."

माझा मास्क जरा खाली आला होता, तो मीच वर घेतला.

गाड्या सुरू झाल्या होत्या. काकू स्टीलच्या डब्यात अनारसे भरून माझ्याकडे द्यायची आणि अकोल्याच्या स्टँडवर वंदना येऊन घेऊन जायची. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. पण वंदनानं तो घासूनपुसून रिकामा आणून दिला. "कंडक्टरकाका, ह्यांनी भरू नाही देल्ला," म्हणाली आणि डोळे पुसले. मी डबा आणून दिला. काकूनं झाकण उघडलं, आत पाहिलं, मूठभर साखर स्वतःच टाकली आणि फळीवर ठेवून दिला. पुढच्या खेपेला पुन्हा अनारसे. पुन्हा डबा रिकामा. पुन्हा तिची साखर. मी म्हणालो, "एक फोन करा ना जवायाले. चुकलं म्हना." काकू म्हणाली, "चुकलं असतं तं म्हनलं असतं."

दुसरी लाट आली ती आमच्या गल्लीतून माणसं घेऊन गेली. ज्या ओट्यांवरून लोक काकूला हसायचे, त्यातल्या काहींवर नंतर कोणी बसायला उरलं नाही. ते सगळं मी सांगत नाही, सांगवतही नाही. एवढंच सांगतो, की पडद्यामागचा खोकला सकाळी ऐकू आला, की गल्लीतल्या बायका हात जोडायच्या. खोकला ऐकून माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. तो रोग गल्लीभर फिरला, पण काकूच्या पडद्यापलीकडे गेला नाही. एका काठीच्या टोकावर त्या बाईनं त्याला अडवून ठेवलं होतं.

मास्क सुटले, लोक मोकळेपणी खोकू-शिंकू लागले, आणि पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी नामदेवकाका गेले. घरच्या खाटेवर, काकूच्या हातचा चहा पिऊन. साखर कमी हाय म्हणाले, डोळे मिटले. काकू रडली, पण मला म्हणाली, "त्याईचा श्वास त्याईच्या टायमानं गेला. कोनाच्या नाकानं नाही गेला." मातीला प्रमोद आला होता. रस्त्यावरच उभा राहिला, खाली मान घालून. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही आणि तसाच अकोल्याला परत गेला. वंदना मागे राहिली, दिवसकार्य होईपर्यंत.

त्यानंतर आकडी पापडाची पाकिटं काढायचं काम करू लागली. काकू नाकाबद्दल बोलेना. गिऱ्हाइकंच सवयीनं दारात आली, की नाकाला हात लावून बघायची. त्यावर काकू हसायचीसुद्धा नाही. पडदा तसाच, खाट तशीच घातलेली, उशाशी घडी केलेला एक पांढरा दुपट्टा. दुपारी दुकानात कोणी नसलं, की ती पडद्याकडे कान देऊन बसलेली दिसायची. मला वाईट वाटायचं. मी उगाच जाऊन काडेपेटी मागायचो.

मग पुन्हा धोंड्याचा महिना आला. काकूनं पुरण घातलं नव्हतं. सकाळी मोटारसायकलचा आवाज आला आणि मी ओट्यावर ताठ बसलो. वंदना उतरली, हातात तोच स्टीलचा डबा, झाकण वर आलेलं, इतका भरलेला. प्रमोद उतरला. रस्त्याच्या कडेला जाऊन त्यानं खर्रा थुंकला, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. खिशातून मास्क काढला. साऱ्या अमरावतीत त्या दिवशी कोणाच्या तोंडावर मास्क नसेल. त्यानं तो नीट लावला, नाकावरची पट्टी बोटांनी दाबली आणि पायरीखाली उभा राहून म्हणाला, "येऊ काय, मामीजी?"

काकू गल्ल्यावरून हलली नाही. मग तिचा हात आकडीकडे गेला. ती आकडी त्याच्या नाकापर्यंत गेली, मास्कच्या कडेला लागली, आणि मी जन्मात पहिल्यांदा ती खाली येताना पाहिली. हळूच, हनुवटीच्या खाली.

"आता कोनासाठी, बापू?" काकू म्हणाली. "आत कोनी नाही."

प्रमोद पायरीवरच ढसाढसा रडायला लागला. काकूनं उठून पडदा सारला. "या. खाटेवर बसा," म्हणाली. "पुरन नाही घातलं मी. घंटाभर बसा लागंन, वरन शिजते तवर."

तो त्या खाटेवर जाऊन बसला. मी समोरून पाहत होतो. पडदा त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत उघडाच ठेवला.