पडून पाहणारे सकपाळकाका

१४ मे २००१, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. पोलादपूरबाहेर, कशेडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या सरकारी मोकळ्या जागेत सकपाळकाकांनी चपला काढल्या, चष्मा माझ्या हाती दिला आणि ते डाव्या कुशीवर धाडकन पडले.

मला आश्चर्य वाटले नाही. आमच्या महाडच्या कार्यालयातले हे ज्येष्ठ आरेखक मुलांच्या क्रीडांगणासाठी सुचवलेल्या प्रत्येक जागेवर आधी स्वतः पडून पाहत. मी भूशास्त्राची पदवीधर. उतार मोजावा, मातीचा नमुना घ्यावा, असे माझे मत. काकांचे उत्तर ठरलेले : "माती पिशवीत भरून काय कळतंय, मॅडम? पोर पिशवीत पडतं काय?" एकदा ते कचेरीच्या फरशीवरही पडले होते. का, असे विचारल्यावर म्हणाले, "तुलना नको?"

त्यांच्या पडण्यात एक विसंगती मात्र मला आढळली होती. भोवती मोठी माणसे असली, की ते तत्काळ उठून 'बरी हाय' किंवा 'नाय जमायचं' असा निकाल देत. मुले असली, की बराच वेळ पडून राहत.

आज मुले नव्हती, आणि तीच अडचण होती. ही जागा ट्रकतळासाठी मागणाऱ्या वाहतूकदारांचा दावा एकच होता : इथे मुले येतच नाहीत. अकरा वाजता आमच्या कार्यालयाचे साहेब स्वतः पाहणीला येणार होते. मुले दिसली तर क्रीडांगण, नाहीतर ट्रकतळ. वस्तीजवळ दुसरी सपाट जागा उरलेली नव्हती.

वास्तविक वरच्या वस्तीतली मुले रोज इथेच खेळत. पण आम्ही एसटीतून उतरून आलो, माझ्या खांद्यावरची नमुन्यांची पांढरी पेटी त्यांनी पाहिली, आणि "सुई आली रे!" अशी आरोळी ठोकून सगळी काजूच्या झाडांमागे पसार झाली. लस टोचणाऱ्या बाईंची पेटीही तशीच असते. मी पेटी उघडून दाखवली. "नुसती माती आहे!"

"मातीखाली लपवलीय! जाऊ नको गो सुमे!" झाडामागून उत्तर आले.

मी काकांकडे वळले. "उठा आता. साहेब येतील."

"उठवत नाय, मॅडम. पाय मुरगळला."

घोटा खरोखरच सुजू लागला होता. मूल एकही नाही आणि आमचाच कर्मचारी आडवा : वाहतूकदारांना याहून भक्कम पुरावा जमवता आला नसता. मी काकांना ओढू लागले, ते हलेनात. खालच्या वळणावर जीपचा आवाज आला.

तेवढ्यात सुमी पुढे आली. कडेवर धाकटा भाऊ, नजर माझ्या पेटीवर. "आजोबा, तुमालाबी टोचली काय हिनं?"

"नाय गो. निसता पडलो."

"या रे समदी! म्हातारा पडलाय!"

चार मुले धावली. कुणी दंड धरला, कुणी मनगट. "अरे, शर्ट फाटंल!" काका ओरडत होते, पण चेहऱ्यावर वेदनेचे नाव नव्हते. मी कानाशी वाकून रागावले, "दर वेळी असे पडून का राहता?"

"घरी पाय घसरला तर भिंत धरून उठतो गो," ते हळूच म्हणाले. मॅडम म्हणायचे ते विसरले होते. "मुलगा मस्कतला. ही गेली. हितं बघ, किती जण येतात."

मी चष्मा खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचा खांदा धरला.

जीप थांबली. साहेबांनी सगळा घोळका पाहिला. "सकपाळ, हे काय?"

"पोरं हायत, साहेब. मोजून घ्या."

"दिसतायत. ट्रकतळ दुसरीकडे बघू. मॅडम, नोंद करा."

काका उभे राहिल्यावर मी नोंद केली. मुले : कडेवरचे धरून सहा. खाली, कुठल्याही सरकारी तक्त्यात नसलेला एक रकाना मी आखला. उठवणारे हात : सुमीचा एकच, माझे दोन, एकूण अकरा.