सगुणा खारीची पांढरी शेपटी

बाळांनो, एका जंगलात पिठाची गिरणी होती. जंगलात गिरणी कशाला, असं मध्येच विचारू नका. सिंहमहाराजांना पित्त झालं आणि त्यांनी मांस सोडून पोळ्या धरल्या. मग सगळ्या दरबाराने धरल्या. ज्यांना पित्त नव्हतं, त्यांनी ते करून घेतलं.

गिरणी दौलतराव रानडुकरांची. तिथे सगुणा खार कामाला होती. जात्याभोवती उडालेलं पीठ शेपटीने झाडून गोळा करायचं, हे तिचं काम.

गिरणीची शिस्त कडक. खिडक्या कायम बंद. "उडून जातं ते पीठ माझं," असं दौलतराव म्हणायचे. म्हणायचे मात्र बाहेर, वडाखाली, गार वाऱ्यात बसून. संध्याकाळी जो सगळ्यात पांढरा होऊन बाहेर पडेल, त्याला सर्वांसमोर शाबासकी मिळे. त्यामुळे अंगावरचं पीठ कुणी झटकत नसे. काही जण, सांगायला लाज वाटते, निघताना पिठात लोळून येत.

सगुणेला लोळावं लागत नसे. तिची झुबकेदार शेपटी आपोआप पांढरी व्हायची आणि शाबासकी बहुतेक तिलाच मिळायची. तिला त्याचा अभिमानही होता.

पण पुढे तिला खोकला लागला. छातीत शिट्टी वाजू लागली. तिचं घरटं होतं जांभळीच्या शेंड्यावर. पूर्वी ती सरसर वर जायची, आता फांदीफांदीवर टेकू लागली. एका संध्याकाळी ती निम्म्यावरच अडकली. वरून पिल्लं हाका मारत होती आणि तिला ओ देण्याइतकाही श्वास उरला नव्हता. तेव्हा मात्र तिला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर बगळेशास्त्रींकडे गेली. ते जंगलाचे वैद्य.

"खोकला कधी येतो?" त्यांनी विचारलं.

"कामावर. घरी गेल्यावरही छळतो."

"आणि सुट्टीला?"

"सुट्टीला बरं असतं. माहेरी गेले होते तेव्हा तर ठणठणीत होते. परत आले आणि पुन्हा शिट्टी सुरू."

"मग सरळ आहे, सगुणाबाई. हा दमा आहे आणि तो पिठामुळे झालाय. काढा देतो, त्याने श्वास मोकळा होईल. पण काढा पिऊन पुन्हा पिठातच बसलीस, तर मी तरी काय करणार? खिडक्या उघडायला सांग. नाकाला फडकं बांध. आणि पिठापासून लांबचं काम माग. उशीर करू नको. छाती एकदा बिथरली की चिमूटभर पीठही तिला सोसत नाही."

सगुणेने हे दौलतरावांना सांगितलं. दौलतराव न्यायी. त्यांनी लगेच समिती नेमली. समितीत ते स्वतः, त्यांचे मेहुणे आणि एक कासव. कासव बैठक संपल्यावर पोचायचं, म्हणून घेतलं होतं.

"त्रास केव्हा सुरू होतो?" मेहुण्यांनी विचारलं.

"सुट्टी संपली की," दौलतराव म्हणाले.

"म्हणजे सुट्टी बाधते!"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या. "तुमच्या तब्येतीपेक्षा मला काही मोठं नाही," असं दौलतरावांनी वडाखालून जाहीर केलं.

थोड्याच दिवसांत ससे खोकू लागले, माकडं खोकू लागली. सगुणेने विचार केला. वडाखाली बसलेल्याला आतलं सांगून कळणार नाही. मग ती दौलतरावांकडे गेली.

"मालक, एका संध्याकाळची शाबासकी महाराजांच्या हस्ते दिली तर?"

"वा! जंगलभर नाव होईल!"

"फक्त खिडक्या उघडू नका हं. महाराजांसमोर पीठ वाया गेलेलं बरं दिसायचं नाही."

"मला शिकवू नकोस," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी दारही लावून घ्यायचं ठरवलं.

महाराज आले. जाती जोरात फिरू लागली. दौलतरावांनी भाषणात आपल्या घराण्याचा इतिहास काढला. पणजोबांपर्यंत महाराज नुसते शिंकत होते. आजोबांपाशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अखेर सगुणेच्या शेपटीला हार घालण्यापूर्वी महाराजांनी रिवाजाप्रमाणे डरकाळीसाठी जबडा उघडला.

आतून शिट्टी वाजली.

सगळे जमिनीकडे बघू लागले. महाराजांच्या शिट्टीला हसणं तब्येतीला चांगलं नसतं.

"खिडक्या!" महाराज कसेबसे म्हणाले.

दौलतरावांनी स्वतःच्या सुळ्यांनी खिडक्या उचकटल्या. घाईत दारही उखडलं. बाहेर येऊन महाराजांनी श्वास घेतला आणि जाहीर केलं, "पिठाने दम कोंडतो!" या शोधाबद्दल दरबाराने टाळ्या वाजवल्या. बगळेशास्त्रींनीही वाजवल्या. त्यांना तळं सोडायचं नव्हतं.

तिथल्या तिथे हुकूम सुटले. खिडक्या उघड्या राहतील. नाकाला फडकी मिळतील. सुट्ट्या परत. पांढरं होण्याची शाबासकी बंद.

"आणि तुला काय हवं, सगुणाबाई?" महाराजांनी विचारलं.

"वडाखाली बसून गिऱ्हाइकांचे नंबर पुकारायचं काम द्या, महाराज."

"मग दौलतराव कुठे बसतील?"

"आत. आता तिथे छान हवेशीर झालंय."

सगुणेने काढा चुकवला नाही. पुढे एका संध्याकाळी ती कुठेही न टेकता जांभळीच्या शेंड्यावर पोचली. पिल्लांनी तिची शेपटी निरखून पाहिली. ती तपकिरी असते, हे त्यांना तेव्हाच कळलं.

तात्पर्य : कामाच्या जागी छातीत शिट्टी वाजू लागली, तर नुसतं वैद्याला दाखवून भागत नाही. एकदा राजाची वाजवून घ्यावी.