बापूकाकांचे लाकडाचे तुकडे

शाळेत नोकरी लागली म्हणून मी रत्नागिरीत बिऱ्हाड केलं. सामान उतरायच्या आधीच घरमालक बापूकाकांनी बजावलं, "बाई, मागच्या पडवीतलं एकही लाकूड चुलीत जायला नको." माझ्याकडे स्टोव्ह आहे म्हटलं, तरी आत येऊन त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला, मगच माझी ट्रंक आत आली.

बापूकाका कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. पडवीत हौसेने सुतारकाम करायचे. वर्षाकाठी एखादा पाट, एखादी मांडणी व्हायची, पण खरा जीव उरलेल्या तुकड्यांवर. भाजी आणायला निघालेला माणूस सुताराकडून पिशवीभर तुकडे घेऊन यायचा, आणि माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पुन्हा कुळथाचं पिठलं करावं लागायचं.

वरून कापलेल्या तेलाच्या डब्यांत हे तुकडे उभे असत, आणि तेही स्वभावाप्रमाणे. सागवान गुणी. फणस मनमिळाऊ. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या भोळ्या. ऐनाचं लाकूड तापट, त्याला एकटं ठेवायचं. बोटाएवढी ढलपीसुद्धा टाकायची नाही. "हिची जागा सापडायचीय अजून," म्हणून ती बिस्किटांच्या डब्यात. पडवी गळायला लागली की सगळे डबे माजघरात यायचे आणि माईंची वाळत घातलेली लुगडी पडवीत जायची. "आम्ही भिजलो तर चालतं, ऐन भिजायला नको," असं माई मला सांगत, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने.

एकदा माझं टेबल डुगडुगायला लागलं. पायाखाली घालायला मी एक तुकडा मागितला. बापूकाका आधी टेबल बघून गेले. मग वह्या तपासताना मी कुठल्या हातावर जोर देते ते बघायला आले. मग म्हणाले, पाऊस सरू दे, लाकूड फुगलेलं असतं. कंटाळून मी वर्तमानपत्राची घडी सरकवली, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी माई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आल्या त्या काठी टेकत, डावा पाय किंचित आखूड होऊन. जुनं घर, खोलीखोलीला उंबरा. कसं आहे विचारलं की "बरंय गो" म्हणत आणि तोंड फिरवत. पडवीतली करवत बंदच झाली.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर बापूकाका अंगणात लंगडत होते. हेही पडले की काय, म्हणून मी धावले. जवळ जाऊन पाहते तर उजव्या चपलेखाली सागवानाचा जाड तुकडा सुतळीने बांधलेला. त्यामुळे डावा पाय आखूड पडत होता. हातात माईंची काठी. पायरी चढायचे, थांबायचे, खडूने खूण करायचे, पुढे न्हाणीकडे वळायचे.

"काका, हे काय चाललंय?"

"हळू बोला, ती झोपलीय." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "विचारलं तर बरंय म्हणते. मग तिला कुठे कुठे दुखतं ते मला कळायचं कसं?"

मी आत गेले. माई झोपल्या नव्हत्या. खाटेवर उठून खिडकीचा गज धरून बसल्या होत्या. बाहेर काका पुन्हा पायरी चढत होते.

"मी बघितलं म्हणून सांगू नकोस गो त्यांना," त्या म्हणाल्या. "लाजतील."

थोड्या वेळाने करवत सुरू झाली. बापूकाकांनी डबे ओतले, गुणी आणि तापट एकत्र केले आणि उंबऱ्याउंबऱ्याशी अर्धी पायरी ठोकायला घेतली. तशा आतून माई कुरकुरल्या, की या ठोकाठोकीने त्यांची चांगली लागलेली झोप मोडली.