बाराच्या आत धार

“दहा मिनिटांचं काम. लोहाराकडे कशाला जायचं?” असं नवरा म्हणाला तेव्हा साडेनऊ झाले होते आणि माळीणबाईंचं तोंड बंद होतं. रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत त्या मौन पाळत. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. पंखे दुरुस्त करणारा त्यांचा नवरा हे पक्कं ओळखून होता. अंगाशी येणारी कामं तो नेमकी बाराच्या आत काढायचा.

कोयता बाईंच्या वडिलांचा, हातात बसलेला. दगडावर आपटून धारेला गव्हाएवढी खांड पडली होती. उद्या सकाळी शाळेमागचं बांबूचं बेट तोडायचं होतं आणि घरात दुसरा कोयता नव्हता.

नवऱ्याने पंख्याच्या जुन्या मोटरीला घासायचं चाक बसवलं होतं. बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या. खांड घालवायची तर अख्खी धार सारखी मागे न्यावी लागते. हा मात्र पाटीवरचा एकच डाग घासणाऱ्या हट्टी पोरासारखा खांडीवरच बसला. गव्हाची खांड बदामाएवढी झाली.

बाईंनी टाळी वाजवून तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

“आई, काय म्हणतेय ही?”

कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सासूबाईंनी निरखून पाहिलं. “हात लांबवर फिरवतेय. भरपूर घास म्हणतेय.”

त्याने भरपूर घासलं. कोयता दोन बोटं अरुंद झाला आणि धार निळी पडली. पोलाद असं तापलं की मऊ होतं, मग धार टिकत नाही. मधूनमधून पाण्यात बुडवायचं असतं, एवढं साधं काम. त्यांनी बादली भरून आणली आणि दाणकन त्याच्यासमोर आदळली.

“बघ आई, किती काळजी. आग लागेल म्हणून पाणी आणून ठेवलं हिने.”

बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात ‘बुडवा’ लिहून सासूबाईंच्या नाकासमोर धरलं.

“बुडवा,” सासूबाईंनी वाचलं.

“काय बुडवा?”

“तुझा धंदा म्हणत असेल.”

मायलेक खो खो हसले. मग नवऱ्याने कोयत्याची पुढची आकडी चाकावर टेकवली. बांबू ओढून धरायला तीच तर लागते. “याला जरा गोलाई देतो. देखणं दिसेल.”

“थांबा!”

मोटर बंद झाली. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. चेहऱ्यावर खराखुरा कळवळा.

“अगं, मौन मोडलंस.”

“अकरा वर्षांचं,” सासूबाई म्हणाल्या.

“तुमच्या त्या पंख्यांना आग…”

“हां हां,” नवऱ्याने अडवलं. “आता एक अक्षर नको. मोडलं तर सूर्य मावळेपर्यंत पाळायचं, हा नियम तुझाच ना? शेजारच्या काकूंना परवा तूच बजावलंस.”

नियम बाईंचाच होता. मोडायची भीती नव्हती तेव्हा केलेला. त्यांनी तोंड असं मिटलं की दात वाजले.

“आता विळाही आण,” नवरा मायेने म्हणाला. “संध्याकाळपर्यंत वेळच वेळ आहे.”

बाई उठल्या. भिंतीतून मोटरीची पिन उपटली, वायर फरशीवर टाकली आणि होता नव्हता तो सगळा राग एकवटून कोयत्याचा घाव घातला. मग दुसरा. मग तिसरा.

वायर होती तशीच.

सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली. “अजून थोडं घासायला हवं म्हणतेय बघ.”