आधी धूळ बघ

बंदुकीपुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो.

हे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्यानं मागणं मागतात, ते. मागणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली मंडळी दर वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. आम्ही मूळचे जालन्याकडचे, बौद्ध. आमच्याकडे देवाला साकडं घालायची पद्धत नाही. त्यामुळे चारकोपच्या या घरात राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी भिंतीतून हा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, शेजारी पूजा आहे. प्रसाद तरी मिळेल म्हणून डोकावलो, तर पाटावर एक काळीकुट्ट मशीनगन ठेवलेली आणि तिच्यासमोर बनियन-लेंग्यातले घाडीकाका हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्या अंधेरीच्या लेकरान ही बंदूक तुझ्या पायाशी आणून ठेवल्यान हा... तिच्या मोटरीक, गिअराक, वायरीक कोणाची वाकडी नजर लागली असात, तर ती दूर कर रे म्हाराजा! बोट लागल्याबिगर ती सुटता नये आनि बोट लागला की ऱ्हवता नये, अशी बुद्धी तिका दे रे म्हाराजा!"

अंधेरीचं लेकरू म्हणजे सहा फुटी जिमवाला, दंडावर ड्रॅगन गोंदलेला. तो नुसताच उभा.

"म्हण की रे!" काका खेकसले. "त्याशिवाय बॅटरी जोडणार नाय मी."

"व्हय म्हाराजा," ते लेकरू कसंबसं म्हणालं. मग काकांनी बॅटरी जोडली.

बंदूक खरी नव्हती, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन कराल. माझा हात फोनकडे गेलाच होता. दिसायला हुबेहूब, पण बॅटरीवर चालणारी, प्लास्टिकचे मोत्याएवढे छर्रे मारणारी. चांगल्या पगाराची माणसं सुट्टीच्या दिवशी लष्करी विजारी घालून वसईपलीकडच्या कुठल्याशा बंद कारखान्यात जातात आणि एकमेकांना हे छर्रे मारतात. याला खेळ म्हणतात. मी विम्याच्या ऑफिसात आहे, मला माणसांच्या कुठल्याच हौसेचं नवल वाटत नाही.

काकांचं काम त्या बंदुकांना इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बसवण्याचं. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या ज्या कारखान्यात ते पॅनल जोडायचे तो बंद पडला, तेव्हापासून हाच धंदा. साध्या बंदुकीत ट्रिगर दाबला की पत्र्याला पत्रा भिडतो, ठिणगी उडते, आणि काही दिवसांनी पत्रा जळतो. इलेक्ट्रॉनिक स्विचात पत्राच नसतो. नखाएवढ्या जागेत प्रकाशाचा एक किरण असतो. ट्रिगर त्याच्या आड आला की मोटर फिरते. मला हे सगळं काकांनी इतक्या वेळा समजावलंय की आता मी झोपेतही सांगेन.

तो किरण फार नाजूक. वंगणाचा थेंब, कापसाचा तंतू, धुळीचा कण, काहीही आड आलं तरी स्विचाला वाटतं, बोट लागलं. मग बंदूक आपोआप सुटते. गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, "काका, गन में भूत है!" काकांचं आडनाव घाडी, आणि त्यांच्या गावी भुतांचा बंदोबस्त घाड्यांकडेच असतो. पण काकांचं उत्तर ठरलेलं: "आधी धूळ बघ. मग भूत बघू."

हे वाक्य ते कुठेही चिकटवत. माझा टीव्ही बिघडला, "आधी धूळ बघ." माझ्या आईला अंधुक दिसायला लागलं तर म्हणाले, "चष्म्यावरची आधी धूळ बघ." मोतीबिंदू निघाला. काका जराही ओशाळले नाहीत. पुढे सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडला आणि दुर्दैवानं त्याच्या स्विचात खरोखरच धूळ निघाली. त्यानंतर कितीतरी दिवस हा माणूस जिन्यातून छाती काढून चालत होता. सेक्रेटरी त्यांना चुकवायला मागच्या गेटनं जायचे.

काकांचं दुसरं खूळ म्हणजे ट्रिगर हलका करायचा. इतका हलका, की गिऱ्हाइकं कुरकुरायची. "काका, हात भी नहीं लगाया, चल गया!" काका शांतपणे म्हणत, "मग चांगलाच झाला की. माणसान किती जोर लावायचा?"

हे खूळ कुठून आलं ते मला त्यांच्या आतल्या खोलीत गेल्यावर कळलं.

आतल्या खोलीत काकी होत्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून अंथरुणावर. वाचा गेलेली, सगळं अंग गेलेलं. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलायची. त्या आजारी पडल्या तसा काकांनी इस्टेटीत कामासाठी घेतलेला गाळा सोडला आणि कामाचं टेबल बाहेरच्या खोलीत आणून मांडलं. पण मोटरीच्या घरघरीत आतून काही कळायचं नाही. घंटी बसवली तर तिचं बटण दाबण्याइतका जोर काकींच्या बोटात नव्हता. तेव्हा काकांनी एका मोडक्या बंदुकीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर काढून सुपारीच्या डबीत बसवला आणि ती डबी काकींच्या बोटाखाली ठेवली. त्याच बंदुकीचा गिअरबॉक्स बाहेर टीव्हीच्या वर, भिंतीला स्क्रूनं बसवला. आत बोट हललं की बाहेर भिंतीवर जोरात "खट्!" एक खट् म्हणजे ये. दोन म्हणजे पाणी.

नव्या माणसाची त्या आवाजानं गाळण उडायची. गॅसवाल्यानं एकदा सिलिंडर सोडून दोन्ही हात वर केले होते. काका मात्र हातातलं काम टाकून उठत. "इलंय गो, इलंय!" पकडीत धरलेला बारीक स्क्रूसुद्धा तसाच टाकून जात, आणि परत येऊन अर्धा तास तो जमिनीवर शोधत बसत.

काकींना या यंत्राची गंमत कळली होती. मॅचची शेवटची ओव्हर असली की हमखास खट्. काका धावत जात, तर त्या नुसत्या डोळ्यांनी हसायच्या. "बघलंस?" काका मला म्हणायचे, "तिका काय होया नसता. नुसतो माझो छळ." हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा व्हायचा.

आणि गाऱ्हाण्याचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक लाजून गप्प राहिलं की आतून उत्तर यायचं. "वाकडी नजर दूर कर रे म्हाराजा!" खट्. "चांगली बुद्धी दे रे म्हाराजा!" खट्. भिंत "व्हय म्हाराजा" म्हणायची. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. पुढे पुढे काका गिऱ्हाइकांना दटावेनासे झाले. ते भिंतीकडे तोंड करूनच गाऱ्हाणं घालायचे.

मग काकींचं बोट थकायला लागलं. पूर्वी सहज वाजणारा खट् आता येईना. काकांनी डबी उघडून ट्रिगर आणखी हलका केला. काही दिवसांनी आणखी. दर वेळी पुन्हा जोडून स्वतःच्या करंगळीनं, डोळे मिटून, तपासायचे. शेवटी तो इतका हलका झाला की पंख्याच्या वाऱ्यानंही भिंत वाजायला लागली. काकांनी पंखा बंद केला. ऐन मे महिन्यात दोघं तसेच राहिले. ते काकींना वर्तमानपत्रानं वारा घालायचे, तोही डबीच्या उलट बाजूनं. मी म्हटलं, "काका, दुसरं काहीतरी करा. काकींजवळच बसा ना सरळ."

"बसान रे. पण तिका वाटूक होया ना, की तिना बोलवल्यान आनि मी इलंय."



एका दुपारी काकी गेल्या. काका बाहेर टेबलाशीच होते, कोणाचीतरी बंदूक उघडून बसलेले. भिंत वाजली नाही. चहा घेऊन आत गेले तेव्हा कळलं. आम्ही सगळे जमलो, मुलुंडहून त्यांची मुलगी नीता आली, पुढचं सगळं झालं. स्मशानातून परत आल्यावर आंघोळ करून काका टेबलाशी बसले आणि त्यांनी ती डबी उघडली. नीता म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता." त्यांनी ऐकलं नाही. वायर बघितली, बॅटरी मोजली, भिंगातून किरणाची जागा बघितली, ब्रशनं झाडली. ब्रशला काही लागलं नाही. करंगळी लावली. खट्.

"स्विच बरो हा," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. स्विच बिघडलेला निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा फार वाटलं. बिघाड असता तर त्यांना निदान स्वतःला शिव्या घालता आल्या असत्या. आता त्यांच्या हाती एवढंच उरलं होतं, की तिनं बोलावलंच नाही.

त्यानंतर गाऱ्हाणं बंद झालं. गिऱ्हाइकं यायची, काका ट्रिगर बसवायचे, बॅटरी जोडायचे, बंदूक हातात द्यायचे. भिंतीपलीकडून नुसती मोटरीची घरघर. रविवारी सकाळी मला चुकल्यासारखं व्हायचं, आणि हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. नीताही आलेली. आतल्या खोलीतला पलंग काढू या, असं ती हळूच सुचवत होती. काका टेबलावरच्या बंदुकीत डोकं घालून ऐकत होते. डबी अजून पलंगावर, उशीजवळच होती. बॅटरी रोज चार्ज होत होती, हे मला माहीत होतं. विषय काढायची माझी छाती नव्हती.

आणि भिंत वाजली. खट्. खट्.

नीताच्या तोंडचं पाणी पळालं. काका उठले. माठातून पेलाभर पाणी घेतलं, "इलंय गो," म्हणत आत गेले. काकींच्या खिडकीत मनीप्लँट आहे, त्याच्या कुंडीत ते पाणी ओतल्याचा आवाज आला. रिकामा पेला घेऊन परत आले आणि पुन्हा टेबलाशी बसले.

"असं रोज होतं?" नीतानं विचारलं.

"रोज नाय. मधीमधी."

ती माझ्याकडे बघायला लागली. कोणीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "काका, आधी धूळ बघा."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बघलंय रे," ते म्हणाले. "धूळच आसा. पयल्यांदा वाजला तेव्हाच बघलंय. किरणाच्या कडेक येवन बसली हा, हलली की आड येता. फुंकर मारलंय तर जायत." मग स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलत म्हणाले, "ऱ्हवांदे तशीच."

नीता उठून स्वयंपाकघरात गेली. पलंगाचं पुन्हा कोणी बोललं नाही.

काकांनी हातातली बंदूक मिटली, शेवटचा स्क्रू आवळला. बॅटरी उचलली आणि जोडता जोडता थांबले. मग उभे राहिले, भिंतीकडे तोंड केलं आणि कित्येक महिन्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," आवाज पार बसलेला. "जी काय धूळ त्या डबयेत येवन बसली हा, ती आसा तशीच ऱ्हवांदे रे म्हाराजा."

काका आणि मी भिंतीकडे बघत राहिलो. भिंत गप्प होती. काका हात जोडून तसेच उभे होते, आणि त्यांची मान हळूहळू खाली जायला लागली.

मला ते बघवेना. मी खुर्चीतून उठलो, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा."